त्यासारखे दुसरे: आवडलेल्या ॲनिमे-मांगावरून पुढची निवड कशी करावी

जपानी चित्रकथा म्हणजे मांगा आणि जपानी ॲनिमेशनपट किंवा मालिका म्हणजे ॲनिमे. या दोन्हींचा मराठी वाचक-प्रेक्षक गेल्या तीन दशकांत बराच बदलला आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ पाहणाऱ्या मुलांना ती मालिका निप्पॉन ॲनिमेशन या जपानी संस्थेने घडवलेली आहे याची फारशी कल्पना नव्हती. पुढे ‘डोरेमॉन’ आणि ‘शिन-चॅन’ हिंदीतून घराघरांत पोहोचले, आणि 2019 साली माकोतो शिन्काई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ भारतातल्या चित्रपटगृहांत लागला तोवर दिग्दर्शकाचे नाव पाहून तिकीट काढणारा प्रेक्षकही तयार झाला होता. या प्रेक्षकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: अमुक मालिका फार आवडली, आता त्यासारखे दुसरे काय? उत्तरादाखल बहुधा गाजलेल्या दहा नावांची यादी हाती येते, विचारणारा त्यांतले पहिले नाव उघडतो आणि दोन-तीन भागांत कंटाळून बाजूला ठेवतो. यात दोष त्या कृतीचा नसतो आणि विचारणाऱ्याच्या रुचीचाही नसतो; ‘त्यासारखे’ म्हणजे नेमके कशासारखे, हे कोणी विचारलेलेच नसते.

एकच कृती चार जणांना चार वेगळ्या कारणांनी आवडते आणि प्रत्येक कारणातून निघणारी पुढची वाट वेगळी असते. त्यामुळे शिफारस करताना कृतींची माहिती जितकी लागते, तितकीच आवडण्याचे कारण ओळखण्याची सवय लागते. ही सवय कशी लावावी, कोणत्या खुणांवर विसंबावे व कोणत्या खुणा फसव्या आहेत, याचा विचार काही प्रसिद्ध कृतींच्या आधारे येथे केला आहे. दुसऱ्याला नाव सुचवणाऱ्याला त्याचा उपयोग होईल, तसाच स्वतःसाठी पुढची मालिका शोधणाऱ्यालाही होईल.

साम्याच्या पाच बाजू

दोन कृतींमधले साम्य पाच बाजूंनी तपासता येते: आशयसूत्र, कथेची यंत्रणा, भावसूर, चित्रशैली आणि गती. आशयसूत्र म्हणजे घटनांच्या खाली चालणारा प्रश्न. तो खेळ, काळ किंवा देश बदलला तरी टिकून राहतो. याचे एक उदाहरण महाराष्ट्राशीच जोडलेले आहे. इक्की काजिवारा यांनी लिहिलेली आणि नोबोरू कावासाकी यांनी चितारलेली ‘क्योजिन नो होशी’ ही 1966 साली सुरू झालेली मांगा बेसबॉलची होती. तिच्यावर आधारलेली ‘सूरज: द रायझिंग स्टार’ ही भारत-जपान सहनिर्मिती 2012 च्या अखेरीस कलर्स वाहिनीवर आली, तेव्हा कथा मुंबईत आली आणि बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले. गरीब घरातला मुलगा, त्याला घडवण्याच्या ध्यासाने कठोर झालेला बाप आणि सुखवस्तू घरातला प्रतिस्पर्धी हा सांगाडा मात्र तसाच राहिला. ज्याला या कथेतले बाप-लेकाचे नाते भावले त्याला पुढची क्रिकेटकथा दिल्याने काही साधणार नाही. बाप-लेकाच्या नात्याची दुसरी कथा दिली, मग ती कोणत्याही खेळाची असो वा नसो, तर ती नेमकी लागू पडेल.

कथेची यंत्रणा म्हणजे कथानक पुढे ढकलणारी रचना: नियमबद्ध डावपेच, स्पर्धेच्या फेऱ्या, दर भागाला नवे प्रकरण, किंवा एकच दीर्घ शोध. भावसूर म्हणजे कृती संपल्यावर मनात उरणारी अवस्था, मग ती हुरहूर असेल, भय असेल, उभारी असेल किंवा निवांतपणा. यंत्रणा सारखी असूनही भावसूर उलटा असू शकतो आणि सर्वांत जास्त फसगत येथेच होते. नाओको ताकेउची यांची ‘सेलर मून’ आणि 2011 सालची ‘माडोका मॅजिका’ ही बारा भागांची मालिका या दोन्हींत शाळकरी मुलींना जादूची शक्ती मिळते, सोबतीला बोलका प्राणी असतो आणि वेशांतर करून लढायचे असते. पण पहिलीत मैत्रीची ऊब आहे, तर दुसरीत त्या शक्तीची किंमत काय मोजावी लागते याचा हिशेब हळूहळू उघड होत जातो. पहिली आवडलेल्या दहा वर्षांच्या मुलीला दुसरी सुचवणे म्हणजे केवळ वेश पाहून नाते जुळवण्यासारखे आहे.

चित्रशैली मांगामध्ये रेषेची जाडी, चौकटींची विभागणी, पार्श्वभूमीचे तपशील आणि रिकाम्या जागेचा वापर यांतून दिसते. ॲनिमेमध्ये तिच्यात रंगसंगती, हालचाल, संगीत आणि शांततेचा वापर यांची भर पडते. गती बऱ्याच अंशी प्रकाशनाच्या पद्धतीतून येते. जपानमध्ये मांगा प्रथम नियतकालिकात क्रमशः छापली जाते आणि नंतर तिची प्रकरणे एकत्र करून खंड निघतात. साप्ताहिकातल्या प्रकरणाला वीसेक पानेच मिळतात आणि पुढच्या आठवड्यापर्यंत वाचक टिकवायचा असतो, त्यामुळे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी उत्कंठा ताणलेली असते; मासिकातल्या मांगाला अधिक पाने आणि अधिक अवकाश मिळतो. माकोतो युकिमुरा यांची व्हायकिंगांच्या काळातली ‘विनलँड सागा’ 2005 साली साप्ताहिकातून सुरू झाली आणि त्याच वर्षी ‘आफ्टरनून’ या मासिकात गेली. तिच्यातली बारकाईने रेखाटलेली गावे, जहाजे आणि लांबलचक मौने पाहिली, की हा बदल तिला मानवला हे लक्षात येते. ज्याला ‘विनलँड सागा’तला हा ठहराव आवडला त्याला केवळ तलवारबाजीच्या निकषावर एखादी वेगवान साप्ताहिक मांगा सुचवली, तर ती त्याला उथळ वाटण्याचा संभव असतो.

फसव्या खुणा

शिफारस करताना सर्वांत आधी हाताशी येणाऱ्या खुणा म्हणजे वर्ग, प्रकार आणि स्टुडिओ. तिन्ही उपयोगी आहेत, पण एकट्या कोणत्याही खुणेवर विसंबता येत नाही. शोनेन म्हणजे किशोर मुलांसाठी, शोजो म्हणजे किशोरींसाठी, सेइनेन म्हणजे प्रौढ पुरुषांसाठी आणि जोसेइ म्हणजे प्रौढ स्त्रियांसाठी, असे चार वर्ग सर्रास सांगितले जातात. हे वर्ग मुळात नियतकालिकाच्या अपेक्षित वाचकाचे आहेत. कथेचा विषय त्यांवरून ठरत नाही. शुएइशा या प्रकाशनसंस्थेच्या 1968 साली सुरू झालेल्या ‘शोनेन जंप’मध्ये समुद्री चाच्यांची साहसकथा ‘वन पीस’ आली, खुनाच्या नीतीची चर्चा करणारी ‘डेथ नोट’ आली आणि हिरोशिमाच्या अणुस्फोटाची कहाणी सांगणारी ‘बेअरफूट गेन’ही तेथेच सुरू झाली. आपल्याकडे लहान मुलांचा कार्यक्रम समजला जाणारा ‘शिन-चॅन’ योशितो उसुई यांनी 1990 साली प्रौढांच्या साप्ताहिकात सुरू केला होता, ही गोष्ट पालकांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

प्रकारांची नावेही अशीच ढोबळ असतात. इसेकाइ म्हणजे नायक आपल्या जगातून दुसऱ्या जगात जातो अशी कथा. या व्याख्येत हायाओ मियाझाकी यांचा 2001 सालचा ‘स्पिरिटेड अवे’ बसतो आणि मेल्यावर काळात मागे जाऊन पुन्हा जागा होणाऱ्या तरुणाची ‘री:झीरो’ ही मालिकाही बसते, पण दोन्हींचा रसिक एकच असेल असे मानण्याला फारसा आधार नाही.

स्टुडिओच्या नावावरून निवड करणे किती धोक्याचे आहे हे जिब्ली स्टुडिओने एकाच दिवशी दाखवून दिले. 16 एप्रिल 1988 रोजी त्या स्टुडिओचे दोन चित्रपट जोडीने प्रदर्शित झाले: मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ आणि इसाओ ताकाहाता यांचा ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. पहिल्यात दोन बहिणींना गावाकडच्या घरामागच्या रानात एक अवाढव्य, केसाळ, प्रेमळ प्राणी भेटतो. दुसऱ्यात 1945 च्या कोबे शहरात बॉम्बहल्ल्यानंतर पोरकी झालेली दोन भावंडे उपासमारीशी झगडतात. मॅडहाउस या स्टुडिओने ‘डेथ नोट’, ‘मॉन्स्टर’, ‘काइजी’ आणि ‘चिहायाफुरू’ या चारही मालिका केल्या असल्या, तरी त्यांच्यातून एक सामाईक रुची काढता येत नाही. स्टुडिओपेक्षा दिग्दर्शकाचे नाव अधिक भरवशाचे, आणि त्याहून भरवशाचे मूळ लेखक-चित्रकाराचे नाव.

मात्र निर्मात्याच्या नावावरून जातानाही धागा पकडावा लागतो. हिरोमु अराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही जादू, सैन्य आणि कटकारस्थानांची साहसकथा आहे, तर त्यांचीच ‘सिल्व्हर स्पून’ होक्काइदोमधल्या कृषिविद्यालयाची साधी, विनोदी कथा आहे. वरवर पाहता दोन्हींत काहीच समान नाही. पण ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्ये दोन लहान भावांना त्यांची गुरू निर्जन बेटावर सोडून देते आणि तेथे सशाची शिकार करताना त्यांना कळते की खाणारा आणि खाल्ला जाणारा एकाच साखळीत आहेत. ‘सिल्व्हर स्पून’मध्ये शहरातून आलेला हाचिकेन एका अशक्त डुकराच्या पिलाला नाव देऊन वाढवतो, त्याला कत्तलखान्यात जावे लागणार हे ठाऊक असूनही जीव लावतो आणि शेवटी त्याचे मांस स्वतःच विकत घेतो. अराकावा स्वतः होक्काइदोच्या दुग्धव्यवसायी कुटुंबातल्या आहेत, आणि जगण्यासाठी दुसरा जीव घ्यावा लागतो या जाणिवेचे मूळ त्या अनुभवात शोधता येते. ज्याला पहिलीतली जादू आवडली त्याला दुसरी चालणार नाही. ज्याला पहिलीतला हा प्रश्न अस्वस्थ करून गेला त्याला दुसरी हमखास सुचवावी.

पहिले उदाहरण: ‘डेथ नोट’नंतर काय?

त्सुगुमी ओहबा यांनी लिहिलेली आणि ताकेशी ओबाता यांनी रेखाटलेली ‘डेथ नोट’ 2003 ते 2006 या काळात आली, तिचे बारा खंड झाले आणि 2006 साली तिच्यावर 37 भागांची मालिका निघाली. मृत्युदेवतेची वही हाती लागलेला लाइट हा हुशार विद्यार्थी त्या वहीत नावे लिहून गुन्हेगारांना मारू लागतो आणि एल नावाचा गुप्तहेर त्याच्या मागावर निघतो. भारतात अनेकांची ॲनिमेशी पहिली गंभीर ओळख याच मालिकेतून होत असल्याने तिच्यानंतरच्या शिफारशीचा प्रश्न वारंवार येतो.

त्यासाठी विचारणाऱ्याला कोणता प्रसंग आठवतो हे आधी पाहावे. खोलीत छुपे कॅमेरे बसवलेले असताना लाइट बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटात लहानसा टीव्ही दडवतो, एका हाताने गणिते सोडवत दुसऱ्या हाताने नावे लिहितो आणि पाहणाऱ्याला तो केवळ खाताना दिसतो. हाच प्रसंग ज्याला सर्वाधिक आवडला त्याला नियमांच्या चौकटीत खेळलेला बुद्धीचा डाव हवा आहे. त्याने नोबुयुकी फुकुमोतो यांची ‘काइजी’ घ्यावी. कर्जबाजारी तरुणांना एका जहाजावर नेऊन तेथे दगड-कागद-कात्री हा पोरांचा खेळ पत्त्यांवर खेळायला लावतात. प्रत्येकाकडे बाराच पत्ते असतात आणि वापरलेला पत्ता परत मिळत नाही, एवढ्या एका नियमातून साठेबाजी, फसवणूक आणि युती जन्माला येतात. येथे सावधगिरीची सूचना द्यावी लागते: फुकुमोतोंची लांब, टोकदार नाकांची ओबडधोबड माणसे ओबातांच्या देखण्या रेखाटनानंतर डोळ्यांना खटकतात, आणि नायक प्रतिभावंत नसून वारंवार हरणारा माणूस आहे. शिनोबू काइतानी यांची ‘लायर गेम’ ही एकोणीस खंडांची मांगाही याच जातीची आहे. तिच्यात पैशाच्या खेळात अडकलेली भोळी मुलगी आणि तिला साथ देणारा भामटा अशी जोडी आहे.

गुन्हेगाराला मारणे कधी न्याय्य ठरते, या प्रश्नाने ज्याला धरून ठेवले त्याच्यासाठी नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ आहे. जर्मनीत काम करणारा जपानी शल्यविशारद तेन्मा वरिष्ठांचा आदेश झुगारून शहराच्या महापौराऐवजी आधी आणलेल्या मुलाचा जीव वाचवतो आणि काही वर्षांनी त्याला कळते की तो मुलगा खुनी झाला आहे. येथे अलौकिक काही नाही, 18 खंड आणि 74 भागांचा विस्तार आहे, आणि कथा अनेकदा नायकाला सोडून एखाद्या गौण माणसाच्या आयुष्यात संथपणे शिरते. म्हणून घाई असलेल्या प्रेक्षकाला ती देऊ नये. हाच प्रश्न व्यवस्थेच्या पातळीवर पाहायचा असेल, तर 2012 सालची ‘सायको-पास’ ही मालिका योग्य ठरते. तिच्यात यंत्रणा माणसाची मनःस्थिती मोजून त्याच्या गुन्हेगारीचा अंक ठरवते आणि तो अंक मर्यादेपलीकडे गेला तरच पोलिसांचे शस्त्र चालते.

जग बदलायला निघालेला, मुखवटा धारण करणारा आणि हळूहळू स्वतःच्या योजनेत गुंतत जाणारा नायक ज्याला हवा, त्याला ‘कोड गीआस’ सुचवावी. आणि ज्याचे मन कथेपेक्षा ओबातांच्या रेषेवर बसले, त्याला युमी होत्ता यांनी लिहिलेली आणि ओबातांनीच रेखाटलेली ‘हिकारू नो गो’ द्यावी. तिच्यात खून नाहीत आणि पाठलागही नाही. गो हा पटावरचा खेळ आहे, जपानच्या इतिहासातल्या हेइआन काळातल्या एका निष्णात खेळाडूचा आत्मा आहे आणि तेवीस खंडांत चित्रकाराचा हात कसा सफाईदार होत गेला ते पानोपानी दिसते. एकाच ‘डेथ नोट’मधून अशा चार वाटा फुटतात आणि त्या एकमेकींना कोठेही मिळत नाहीत.

दुसरे उदाहरण: ‘मुशिशी’ची शांतता

युकी उरुशिबारा यांची ‘मुशिशी’ ही 1999 ते 2008 या काळातली दहा खंडांची मांगा आणि हिरोशी नागाहामा यांनी दिग्दर्शित केलेली 2005 सालची 26 भागांची मालिका, या दोन्हींची ख्याती त्यांच्या निवांतपणाबद्दल आहे. मुशी म्हणजे वनस्पती आणि प्राणी यांच्याही आधीचे, जीवनाच्या मुळाशी असलेले सूक्ष्म सजीव. ते बहुतेकांना दिसत नाहीत, पण त्यांच्यामुळे माणसांना विचित्र व्याधी जडतात आणि गिंको नावाचा भटका जाणकार गावोगाव फिरून त्यांवर उपाय शोधतो. पहिल्याच भागात डाव्या हाताने काढलेले चित्र जिवंत होते अशा एकाकी मुलाच्या घरी तो जातो. त्या घरात राक्षस नाही की लढाई नाही, आहे ती केवळ मुशींच्या जगात अर्धवट गेलेल्या एका आजीची कहाणी, आणि उपाय म्हणजे त्या अर्धवटपणाला पूर्ण करणे.

यातला निवांतपणा ज्याला हवा, त्याच्यासाठी जपानीत इयाशिकेइ नावाचा स्वतंत्र प्रकार आहे; मनाला विसावा देणे हेच ज्याचे प्रयोजन, अशा कथा त्यात येतात. हितोशी आशिनानो यांची ‘योकोहामा काइदाशी किको’ ही त्यातली उत्तम मांगा आहे: समुद्र चढला आहे, माणसांची संख्या घटत चालली आहे आणि आल्फा नावाची यंत्रस्त्री आडगावात कॉफीचे दुकान चालवत आहे. जगाचा अस्त इतक्या सौम्यपणे क्वचितच चितारला गेला असेल. अधिक प्रसन्न सूर हवा असल्यास कोझुए आमानो यांची ‘आरिया’ घ्यावी. तिच्यात मंगळावर वसवलेल्या नव्या व्हेनिसमध्ये नाव वल्हवायला शिकणाऱ्या मुलींचे दिवस आहेत.

माणूस आणि अदृश्य सृष्टी यांच्यातले नाते हा ज्याचा धागा, त्याच्यासाठी युकी मिदोरिकावा यांची ‘नात्सुमे युजिन्चो’ आहे. योकाई म्हणजे जपानी लोककथांतली भुतेखेते. ती दिसणाऱ्या अनाथ मुलाला आजीने मागे ठेवलेली वही मिळते, त्या वहीत योकाईंची नावे बांधलेली असतात आणि तो एकेक नाव परत देत जातो. येथे भावना ‘मुशिशी’पेक्षा उघड आहेत आणि नायकाला हळूहळू घर मिळते, गिंको मात्र कोठेही थांबू शकत नाही. सुचवताना हा फरक आवर्जून सांगावा.

गावोगाव फिरून प्रकरणे उलगडणारा जाणकार, ही यंत्रणा ज्याला आवडली त्याने केंजी नाकामुरा यांची 2007 सालची ‘मोनोनोके’ ही बारा भागांची मालिका पाहावी. मियाझाकींच्या ‘प्रिन्सेस मोनोनोके’शी तिचा संबंध नाही, हे नावाच्या साम्यामुळे सांगावे लागते. औषधविक्या नायकाला तलवार उपसण्यापूर्वी त्या भुताचे रूप, घडलेले सत्य आणि त्यामागचे कारण या तिन्हींचा छडा लावावा लागतो. यंत्रणा गिंकोच्या जवळची असली, तरी दृश्यरूप अगदी उलट आहे: जुन्या जपानी लाकूडठशांच्या चित्रांसारखे भडक रंग आणि कागदाचा पोत यांनी पडदा गच्च भरलेला असतो. निसर्ग हा माणसाचा शत्रूही नाही आणि दासही नाही, ही दृष्टी ज्याला महत्त्वाची वाटली त्याने मियाझाकींची ‘नाउसिका’ वाचावी. 1984 चा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो, पण सात खंडांची मांगा 1994 पर्यंत चालू होती आणि चित्रपटात तिचा केवळ सुरुवातीचा भाग आहे. पुढे कथा किती गुंतागुंतीची होते हे मांगा वाचल्याशिवाय कळत नाही.

तिसरे उदाहरण: मैदानातून बाहेर नेणारा ‘स्लॅम डंक’

ताकेहिको इनोउए यांची ‘स्लॅम डंक’ ही 1990 ते 1996 या काळातली 31 खंडांची बास्केटबॉलकथा. मुलीवर छाप पाडण्यासाठी संघात शिरलेला दांडगा हानामिची साकुरागी खेळाच्या प्रेमात कसा पडतो हे तिच्यात आहे. तिच्या अखेरच्या सामन्यातले निर्णायक क्षण जवळपास शब्दांविना चितारलेले आहेत. संवादाचे फुगे नाहीसे होतात आणि पान केवळ धावणाऱ्या पायांवर, घामावर आणि नजरांवर चालते.

संघ घडण्याची उभारी ज्याला हवी, त्याला हारुइची फुरुदाते यांची व्हॉलीबॉलवरची ‘हाइक्यू’ निर्धास्त सुचवावी. तिच्यात प्रतिस्पर्धी संघांतल्या खेळाडूंनाही स्वतंत्र मन आहे आणि खेळाचे तंत्र नवख्यालाही समजेल असे उलगडले आहे. जन्मजात गुण आणि त्यांचे ओझे हा धागा असेल, तर तायो मात्सुमोतो यांची ‘पिंग पाँग’ निवडावी. मासाआकी युआसा यांनी 2014 साली केलेल्या तिच्या अकरा भागांत वेड्यावाकड्या रेषांची माणसे प्रथम कच्ची वाटतात, पण चेंडूचा वेग आणि पराभूताचा चेहरा त्या रेषांत जसा पकडला जातो तसा गुळगुळीत चित्रांत पकडला जात नाही. इनोउए यांची शब्दाविना बोलणारी रेषा ज्याला हवी त्याने मियामोतो मुसाशी या तलवारबाजावरची ‘व्हॅगाबाँड’ आणि चाकांच्या खुर्चीवरच्या बास्केटबॉलची ‘रिअल’ वाचावी. दुसरीत शरीराची साथ गमावलेल्या माणसाने खेळाकडे परतणे आहे आणि ‘स्लॅम डंक’मधल्या उत्साहाला तेथे वयाची जोड मिळाली आहे.

स्पर्धेची यंत्रणा कायम ठेवून मैदान सोडायचे असेल, तर युकी सुएत्सुगू यांची ‘चिहायाफुरू’ उत्तम. कारुता या खेळात जुन्या शंभर कवितांचा पूर्वार्ध वाचला जातो आणि उत्तरार्ध लिहिलेला पत्ता खेळाडूने झडप घालून उचलायचा असतो. शंभरांपैकी पन्नासच पत्ते जमिनीवर मांडलेले असतात, त्यामुळे जे नाहीत तेही लक्षात ठेवावे लागतात आणि पहिल्या एक-दोन अक्षरांवर हात उडतो. कवितेची आवड असलेल्या, पण खेळकथांना नाक मुरडणाऱ्या वाचकाला या मार्गाने आत आणता येते. चिका उमिनो यांच्या ‘मार्च कम्स इन लाइक अ लायन’मध्ये शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, हा खेळ आहे, पण एकाकी तरुण खेळाडूला जेऊ घालणाऱ्या तीन बहिणींचे घर त्या पटाइतकेच महत्त्वाचे असल्याने ती खेळकथेच्या वाटेने येणाऱ्याला कुटुंबकथेत नेऊन सोडते.

युद्धाच्या छायेतल्या सामान्यांची कथा

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ पाहिल्यावर त्यासारखे लगेच मागणारे थोडे, पण विचारतात तेव्हा त्यांना बहुधा दुःखाची पुनरावृत्ती नको असते, त्या काळाची समज हवी असते. त्यांच्यासाठी फुमियो कोउनो यांची तीन खंडांची मांगा आणि तिच्यावरचा सुनाओ काताबुची यांचा 2016 चा चित्रपट ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ सर्वांत योग्य आहे. हिरोशिमातून लग्न होऊन कुरे या नौदलाच्या बंदरगावी आलेली सुझू शिधा अपुरा पडू लागल्यावर रानातला पाला खुडून स्वयंपाक करते, तांदूळ फुगवून जास्त दिसावा म्हणून जुन्या युक्तीने भात शिजवते आणि तो घरात कोणालाच आवडत नाही. युद्ध येथे चुलीपर्यंत कसे पोहोचते ते दिसते, आणि हसू शेवटपर्यंत पुरते संपत नाही. राग आणि साक्ष हवी असल्यास सहाव्या वर्षी हिरोशिमाचा स्फोट पाहिलेल्या केइजी नाकाझावा यांची ‘बेअरफूट गेन’ वाचावी. तिची दृश्ये भीषण असल्याने लहानांच्या हाती ती एकट्याने देऊ नये. सैनिकाच्या बाजूने पाहायचे असेल, तर युद्धात डावा हात गमावलेल्या शिगेरू मिझुकी यांची 1973 सालची ‘ऑनवर्ड टुवर्ड्स अवर नोबल डेथ्स’ ही मांगा आहे.

कोणते रूप, कोणती आवृत्ती

नाव ठरल्यावरही मांगा सुचवावी की ॲनिमे, हा निर्णय उरतो. ‘मुशिशी’मध्ये रंग आणि ध्वनी यांनी भर घातली आहे, म्हणून ॲनिमेपासून सुरुवात करणे बरे. ‘स्लॅम डंक’ची 1993 ते 1996 मधली 101 भागांची मालिका राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच थांबते आणि अखेरचा सामना थेट 2022 च्या चित्रपटात येतो, म्हणून तेथे मांगाच श्रेयस्कर. ‘व्हॅगाबाँड’ तर मांगाच्याच रूपात उपलब्ध आहे, पण ती 2015 पासून खंडित आहे, आणि अपुरी कथा न खपणाऱ्या वाचकाला हे आधीच सांगावे. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’च्या दोन मालिका आहेत: 2003 ची मालिका मूळ मांगा अपुरी असताना निघाली आणि पुढे स्वतःच्या वाटेने गेली, तर 2009 ची ‘ब्रदरहूड’ मांगाबरहुकूम चालते. आवृत्ती न सांगता केवळ नाव दिले, तर विचारणारा भलत्याच कथेत शिरू शकतो.

वय आणि वेळ यांचाही विचार हवा. परीक्षा तोंडावर असलेल्या विद्यार्थ्याला 74 भागांची मालिका सुचवण्यापेक्षा अकरा-बारा भागांची द्यावी. मुलांसाठी मागणाऱ्या पालकांना हिंसा, मृत्यू आणि लैंगिक आशय कितपत आहे हे स्पष्ट सांगावे, कारण चित्रे गोंडस असली म्हणजे आशय बालसुलभ असतो असे नाही. मांगा कधीच न वाचलेल्या ज्येष्ठ मराठी वाचकासाठी ओसामू तेझुका यांची 1972 ते 1983 या काळातली ‘बुद्ध’ हे सोयीचे प्रवेशद्वार आहे. कथा ओळखीची असल्याने चौकटींची आणि चित्रांच्या भाषेची सवय होण्याकडे लक्ष देता येते; मात्र तेझुकांनी अनेक पात्रे कल्पनेने घातली आहेत आणि गंभीर प्रसंगांत विनोद पेरला आहे, तेव्हा चरित्र म्हणून ती वाचू नये. मिळण्याच्या दृष्टीने पाहता, ॲनिमेसाठी क्रंचीरोल आणि नेटफ्लिक्स यांवर शोध घ्यावा. शुएइशाच्या ‘मांगा प्लस’ या अधिकृत सेवेवर अनेक चालू मालिकांची पहिली आणि ताजी प्रकरणे इंग्रजीत विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे खंड विकत घेण्याआधी चव पाहता येते.

शिफारस कशी मांडावी

सुचवणाऱ्याने प्रथम तीन प्रश्न विचारावेत: कोणता प्रसंग अजून आठवतो, कोणत्या ठिकाणी कंटाळा आला, आणि याआधी काय अर्धवट सोडले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा सर्वांत उपयोगी ठरते, कारण आवडीची कारणे सांगताना माणूस गाजलेली कारणे सांगतो, तर नावडीची कारणे स्वतःची सांगतो. त्यानंतर तीनच नावे द्यावीत. पहिले जवळचे असावे, म्हणजे पाचांपैकी तीन-चार बाजूंनी मिळते. दुसऱ्यात मुख्य धागा कायम ठेवून शैली किंवा गती बदललेली असावी. तिसऱ्यात केवळ आशयसूत्र समान असून बाकी सारे नवे असावे. ‘डेथ नोट’मधला न्यायाचा प्रश्न आवडलेल्याला अनुक्रमे ‘सायको-पास’, ‘मॉन्स्टर’ आणि, थोडे धाडस करून, युद्ध व सूड यांच्या पलीकडे जाऊ पाहणारी ‘विनलँड सागा’ अशी मांडणी करता येईल.

प्रत्येक नावाबरोबर साम्य एका वाक्यात आणि फरक दुसऱ्या वाक्यात सांगावा. ‘मॉन्स्टर’बद्दल ‘खुन्याला जगवणे योग्य होते का, हा प्रश्न येथेही आहे; पण वही नाही, जादू नाही आणि उत्तर मिळायला फार वेळ लागतो’ एवढे पुरते. फरक लपवून ठेवल्यास अपेक्षाभंग होतो आणि चांगली कृतीही वाया जाते. कथेतली रहस्ये उघड करू नयेत; मात्र संथ सुरुवातीच्या मालिकेला किती भाग वेळ द्यावा हे जरूर सांगावे, कारण तीन भागांत सोडलेल्या मालिकेकडे प्रेक्षक पुन्हा सहसा वळत नाही.

शिफारस फसली तर तीही माहितीच असते. ‘काइजी’ डावपेचांमुळे आवडली पण चित्रांमुळे सोडली, असे कोणी सांगितले, तर त्याच्या रुचीत चित्रशैलीचे वजन मोठे आहे हे कळते आणि पुढचे नाव त्यानुसार निवडता येते. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर विचारणारा ‘यासारखे काहीही’ असे मोघम मागत नाही. ‘नियमांचा डाव हवा, पण नायक हरणारा नको आणि वीस भागांच्या आत संपणारे हवे’ असे नेमके मागू लागतो. मग त्याला सुचवणाऱ्याची गरज कमी होत जाते, आणि शिफारस साधली याचा तोच खात्रीचा पुरावा मानावा.